शाळेसमोर थंडा विकू द्यावा का? १ मेच्या ग्रामसभेआधी तुमचं मत हवंय

पूर्णाकाठ · ९ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. १ मेच्या ग्रामसभेत एक ठराव मांडायचं मनात आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत साखरेचं बाटलीबंद थंडपेय शाळकरी पोरांना विकायचं नाही, एवढाच तो ठराव. पण गावात आताच दोन तट पडलेत. सरपंच म्हणतात, "मॅडम, आज थंडा बंद कराल, उद्या चहा बंद कराल. कोणी काय प्यावं हे पंचायतीनं ठरवायचं का?" प्रश्न चुकीचा नाही, म्हणून इथे विचारते.

मला रोज काय दिसतं ते आधी सांगते. सध्या सकाळची शाळा आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण चार-पाच दिवसांआड. शाळेच्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी साडेनऊच्या सुट्टीपर्यंत कोमट होऊन जातं. आणि फाटकासमोरच्या दुकानात काचेच्या दाराचा उभा फ्रिज, आत दिवा लावलेला. दहा रुपयांत गार बाटली.

तिसरीतला एक मुलगा रोज ती बाटली घेतो. आधी गालाला लावतो, मानेला लावतो, मग पितो. संपली की बाटली फेकत नाही. टाकीवर जाऊन तीच भरतो. मी विचारलं, ग्लास ठेवलाय ना रे, बाटली कशाला? म्हणाला, "मॅडम, याच्यात भरलं का पाणी गोड लागते." हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक २५० मिलीची बाटली नेली आणि लेबल पोरांकडून वाचून घेतलं. १०० मिलीत १०.६ ग्रॅम साखर. गुणाकार त्यांनीच केला, साडेसव्वीस ग्रॅम आला. विज्ञानपेटीतल्या तराजूनं तेवढी साखर मोजून कागदावर ओतली, पाच चमच्यांच्या वर भरली. वर्ग गप्प. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक बरं. ते ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. म्हणजे माझा आठ वर्षांचा विद्यार्थी एका बाटलीत मोठ्या माणसाच्याही पुढे जातो.

तर मी ठराव मांडावा की नाही? विरोधातलं मत असेल तर ते आधी लिहा.

कोपऱ्यावरचा किराणा · ९ एप्रिल, रात्री १०.२५

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माहं दुकान बी शायेसमोरच हाय, आपला जिल्हा यवतमाय. म्हनून विरोधातलं मत मीच लिहितो.

मी काही जहर विकून नाही रायलो. माल सरकारमान्य हाय, त्याच्यावर मी जीएसटी भरतो. उन्हायात दिवसाले तीस-चायीस बाटल्या जाते, बाकी किराना तर अर्धा उधारीत चालते. थंड्याचा पैसा रोख. तोच पैसा माह्या घरचा भाजीपाला आनते. तुमच्या ठरावानं ५० मीटरच्या आतलं दुकान मरीन आन् ६० मीटरवरचं चालीन. पोट्टं काय, दहा पावलं पुढं जाईन.

दुसरी गोष्ट, २०१२ ले गुटखा बंद झाला. सांगा, कोन्या पानठेल्यावर भेटत नाही? बंदी आली का भाव वाढते आन् हप्ता सुरू होते, बाकी काही होत नाही. पोराले पैसे कोन देते? माय-बाप देते. त्यायले समजावा ना. दुकानदार एकटा कायले दोषी?

वऱ्हाडी पुण्यात · ९ एप्रिल, रात्री ११.१०

मी मूळचा अकोटचा, पुण्यात कायदा शिकतोय. या विषयातला सगळ्यात गाजलेला खटला सांगतो, तो ठरावाच्या कामाचा आहे.

न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये असाच प्रयत्न केला होता. हॉटेलं, सिनेमागृहं, हातगाड्या यांनी १६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ४७३ मिलीपेक्षा मोठ्या पेल्यात साखरेचं पेय विकायचं नाही. पिण्यावर बंदी नव्हती, हवे तर दोन पेले घ्या. शहराच्या आरोग्य मंडळानं सप्टेंबर २०१२ मध्ये नियम मंजूर केला. मार्च २०१३ मध्ये, अंमल सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, कोर्टानं तो अडवला आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कायमचा रद्द केला.

लोक समजतात की तिथे व्यक्तिस्वातंत्र्य जिंकलं. निकालाचा गाभा तो नव्हता. न्यायालय म्हणालं की इतका मोठा धोरणाचा निर्णय नेमलेल्या मंडळाचा नाही, निवडून आलेल्या नगर परिषदेचा आहे. म्हणजे 'मर्यादा घालावी का' यापेक्षा 'ती कोणी घालावी' यावर नियम पडला. शिवाय त्यात विसंगती होती. किराणा दुकानं त्यातून सुटली होती, आणि निम्म्याहून अधिक दूध असलेली पेयंही, मग त्यात साखर कितीही असो.

माझं वैयक्तिक मत सांगतो. मोठ्या माणसाच्या हातातला पेला सरकारनं मोजू नये. आज साखर मोजू दिली तर उद्या मीठ, परवा तूप. पण मूल हे मोठं माणूस नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करारही कायदा धरत नाही, मग दिवा लावलेल्या फ्रिजसमोर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोराच्या 'निवडी'ला स्वातंत्र्य कसं म्हणायचं?

आणि ताई, तुमचा ठराव नवा नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे शाळांसाठीचे २०२० चे नियम हेच सांगतात. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. तुमचं गाव फक्त तो नियम अमलात आणा म्हणतंय.

पूर्णाकाठ · ९ एप्रिल, रात्री ११.३२

हा नियम मला माहीत नव्हता, आणि अठरा वर्षं नोकरी झाली. ५० मीटर मी अंदाजानंच लिहिलं होतं.

पऱ्हाटी · १० एप्रिल, सकाळी ६.०५

रामराम. मी कास्तकार, वय ५८. मला शुगर आहे, तरी मी मॅडमच्या विरोधात लिहितो. राग मानू नका.

आमच्याकडे पाहुणा आला की पोराला दुकानात पिटाळतो, 'जा रे, थंडा आण'. ही गरिबाची शान आहे. माझ्या लहानपणी पाहुण्याला गूळ-पाणी होतं. मग साखरेचा चहा आला, आता थंडा. पाहुण्यापुढे काय ठेवायचं हे मी ठरवणार. शहरातले लोक मॉलमध्ये बादलीएवढे पेले घेऊन बसतात, त्यांना कोणी विचारत नाही. नियम आला की पहिला गावाला लागतो.

दुसरं, चहाचं बोला. आमच्या घरी कपाला दोन चमचे साखर. कापूस वेचणीच्या दिवसात बाया चार-चार वेळा चहा घेतात. तो हिशेब तराजूवर ठेवला तर तुमच्या बाटलीच्या वर जाईल. मग बाटलीच का दोषी?

आशा कार्यकर्ती · १० एप्रिल, दुपारी १.५०

काका, चहाचं तुमचं बरोबर आहे, ते मी रोज घरोघरी सांगते आणि रोज ऐकून घेते. पण एक फरक आहे. चहात किती चमचे घातले ते घरच्या बाईला दिसतं. ती आज दोनाचा दीड करू शकते, मी करून घेतलंय. बाटलीत किती आहे ते दिसत नाही. लेबल आहे, पण मुंगीएवढ्या अक्षरात, आणि ते वाचणारं माणूस माझ्या गावात शोधावं लागतं.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आम्ही फॉर्म भरतो, मग बीपी-शुगरची तपासणी. पूर्वी वाटायचं शुगर म्हणजे शेठलोकांचा आजार. आता शेतमजूर बाई निघते, पस्तिशीची, अंगानं काडी. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास आला, त्यात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. मी थंड्यानंच शुगर होते असं म्हणत नाही, त्याला दहा कारणं असतात. पण गोळी सुरू झालेला माणूस उन्हातून येऊन बाटली रिचवतो, तेव्हा पुढच्या महिन्याचा आकडा मला दिसतो.

आणि सगळ्यात जिवाला लागलेलं सांगते. मागच्या उन्हाळ्यात एका तांड्यावर दीड वर्षाच्या पोराला जुलाब लागले होते. आई म्हणाली, ताई, ओआरएस देऊन रायली. बघते तर दुकानातला डबा, नावात ओआरएस, आत गोड फळाचं पाणी. खऱ्या ओआरएसच्या एक लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. थंडपेयाच्या लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या वर साखर. जुलाबात एवढी साखर पोटात गेली तर ती आतड्यात आणखी पाणी ओढते, जुलाब वाढतात. ती आई बिचारी पैसे मोजून लेकराला औषध समजून देत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली. आता मला सांगा, त्या मनाईनं कोणाचं स्वातंत्र्य गेलं? त्या आईला तर ते तेव्हाच मिळालं.

वैनगंगा · १० एप्रिल, रात्री ८.१५

गडचिरोलीतून लिहितो. बंदीचा विषय निघाला की विदर्भाला शिकवायची गरज नाही, आम्ही तीन जिल्ह्यांत तीन तऱ्हा पाहिल्या. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला सरकारनं उठवली. तिन्ही ठिकाणी दारू मिळतच होती असं म्हणणारे आहेत, आणि उघडी दुकानं गेल्यानं बायांचा जीव भांड्यात पडला असं म्हणणाऱ्या बायाही आहेत. मी दोघांनाही भेटलोय.

माझ्या पाहण्यातला फरक एकच. जिथे गावातल्या बायांनी स्वतः बैठका घेतल्या, दंड ठरवला, रात्री फेरी मारली, तिथे बंदी टिकली. जिथे फक्त जीआर आला, तिथे पोलिसांचा धंदा झाला. किराणावाले भाऊ गुटख्याचं बोलले ते याच कारणानं खरं आहे. इकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, तर शाळेतल्या पोरांच्या खिशात निघतो.

आमच्याजवळच मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. ते बहुमतानं ठरवत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात, नाही झालं तर पुन्हा बसतात. म्हणून मॅडम, १ मेला हात वर करून ठराव जिंकू नका. ५१ विरुद्ध ४९ नं जिंकलात तर ४९ जणांची पोरं मुद्दाम बाटली घेऊन शाळेत येतील.

अजून एक. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम, आमच्याच अहेरीचे, यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या एनर्जी ड्रिंकची विक्री बंद करणार. त्या बाटल्यांवर 'लहान मुलांसाठी नाही' असं छापलेलंच असतं. तुमच्या दुकानात लाल रंगाची, वीस रुपयांची ती बाटली आहे का ते बघा. असेल तर सुरुवात तिथून करा, त्यावर कोणी भांडणार नाही.

पूर्णाकाठ · १० एप्रिल, रात्री ९.३०

आहे. आज बघितली. सातवीची दोन मुलं परीक्षेच्या दिवशी पिऊन आली होती, 'अभ्यासाले ताकद येते' म्हणून.

वऱ्हाडी पुण्यात · ११ एप्रिल, सकाळी १०.००

पऱ्हाटी काकांच्या 'गावालाच नियम का' याला उत्तर म्हणून थोडं कराबद्दल. कर लावला तर गाव-शहर दोघांना सारखा लागतो, आणि पिणाऱ्याला मनाईही होत नाही.

मेक्सिकोनं जानेवारी २०१४ पासून लिटरमागे एक पेसो कर लावला, किमतीच्या साधारण १० टक्के. पहिल्या वर्षी खरेदी साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटली, दुसऱ्या वर्षी साडेनऊच्या वर, आणि जास्त घट गरीब घरांत होती. याचे दोन्ही अर्थ निघतात. गरिबाची तब्येत वाचली म्हणा, की गरिबाच्याच तोंडचा घोट गेला म्हणा. ब्रिटनची तऱ्हा मला अधिक पटते. तिथे एप्रिल २०१८ पासून कर साखरेच्या प्रमाणावर आहे. सुरुवातीचा दर असा होता: १०० मिलीत ५ ग्रॅमच्या खाली शून्य, ५ ते ८ ला लिटरमागे १८ पेन्स, त्यावर २४ पेन्स. कंपन्यांनी कर सुरू व्हायच्या आधीच बऱ्याच पेयांतली साखर कमी केली. पिणाऱ्याला कोणी काही म्हणालं नाही.

आपल्याकडे काय आहे? फसफसणाऱ्या पेयांवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के उपकर, मिळून ४०. सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. पण कर साखरेवर नाहीच. बिनसाखरेच्या 'डाएट' थंड्यालाही तेवढाच. आणि न फसफसणारं आंब्याचं बाटलीबंद पेय, ज्यात साखर तितकीच किंवा जास्त असते, त्यावरचा कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. फळांच्या शेतकऱ्याला बाजार मिळावा हा हेतू मला समजतो, आपल्या संत्र्याचंही त्यात भलं आहे. पण तिसरीतला तो मुलगा बहुतेक तेच पीत असेल.

पूर्णाकाठ · ११ एप्रिल, सकाळी १०.४०

तेच पितो. आई-बापही म्हणतात, 'मॅडम, काळं नाही देत आम्ही, आंब्याचं देतो.'

पऱ्हाटी · ११ एप्रिल, संध्याकाळी ७.२०

काल रात्री आशाताईंचं आणि गडचिरोलीकर भाऊंचं वाचलं, झोप नीट लागली नाही. माझा नातू पाच वर्षांचा आहे. पाहुण्यासाठी आणलेल्या बाटलीतलं उरलेलं तोच पितो, आणि आम्ही कौतुकानं बघतो.

माझं मत एवढं बदललं की पोरांचं वेगळं काढा. माझ्या घरात काय यावं ते मी बघीन, तिथे पंचायत नको. शाळेच्या फाटकावर मात्र माझी हुकमत चालत नाही, तिथे मी नसतो. तिथे गावानं बघितलं तर माझं स्वातंत्र्य कमी होत नाही. पण मॅडम, बाटली काढून घेऊन त्याच्या हातात खारं कोमट पाणी देणार असाल तर मी पुन्हा विरोधात उभा राहीन. आम्ही नाल्याला झरा खोदून गोडं पाणी पीत होतो, तहान काय असते मला माहीत आहे.

कोपऱ्यावरचा किराणा · ११ एप्रिल, रात्री १०.०५

काकायनं मनातलं सांगतलं. आता मी बी खरं सांगतो.

तो फ्रिज माहा नाही. कंपनीनं देल्ला. अट अशी का त्याच्यात दुसरं काही ठेवाचं नाही, आन् दारासमोर दिसीन असा ठेवाचा. लाईट बिल मी भरतो. दोन वर्षाआधी बायकोनं मठ्ठा बनवून बाटल्यायत भरून ठेवला, जिरं-कोथिंबीर टाकून, दहा रुपये गिलास. दुपारपर्यंत संपे. मंग कंपनीचा मानूस आला, म्हने हे काढा नाहीतर फ्रिज नेतो. काढला. मठ्ठा बाहेर ठेवला तर उन्हानं आंबते.

आता तुम्ही म्हनता निवडाचं स्वातंत्र्य. पोराले काय, मलेच नाही भेटलं निवडाले. गावात कोनी जुना का होईना आपला फ्रिज घेऊन देल्ला, तर मी मठ्ठा, लिंबू सरबत, पन्हं ठेवतो. नफा त्याच्यात जास्त हाय, थंड्यात बाटलीमागं रुपया-दोन रुपयेच सुटते. शायेच्या टायमाले पोट्ट्यायले थंडा नाही देत, हे मी आजपासून करून पाह्यतो. तुमच्या गावचा ठराव हो ना हो.

आशा कार्यकर्ती · १२ एप्रिल, सकाळी ८.३०

भाऊ, वहिनींना माझा नमस्कार सांगा. मठ्ठ्यात मीठ बेतानं घाला, एवढंच.

पूर्णाकाठ ताई, ग्रामसभेआधी महिला सभा असते, ती कागदावर उरकू देऊ नका. बाया बोलतील. मेक्सिकोत कार्यकर्त्यांनी कराचा पैसा शाळेतल्या पिण्याच्या पाण्यावर लावा अशी मागणी केली होती, तेवढं बायांना सांगा. बाटली आणि पाणी एकाच ठरावात बांधा.

पूर्णाकाठ · ३ मे, रात्री ९.१५

कळवायला उशीर झाला. महिला सभा ३० एप्रिलला झाली, साठेक बाया आल्या. मी साखर मोजून दाखवली. एक म्हातारी उठून म्हणाली, "आमी पोराले साखर नाही पाजत वो, गारवा पाजतो." त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ठरावाचा मसुदा बायांनीच बदलला. आधी शाळेत गोडं गार पाणी. त्यानंतर एक महिन्यानं, शाळेच्या वेळात गणवेशातल्या पोराला थंडा आणि एनर्जी ड्रिंक विकणं बंद. मोठ्यांना काही आडकाठी नाही, लग्नाकार्याला नाही. दुकानदाराला दंड नाही. पहिल्या वेळी सांगायचं, दुसऱ्या वेळी दोन बायांनी दुकानासमोर बसायचं.

१ मेच्या ग्रामसभेत गणपूर्तीला १०० माणसं लागतात, ७१ आली. सभा तहकूब. पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, ठराव वीस जणांतही पास होईल. मला तसा नकोय. सुट्ट्या लागल्यात, म्हणून सकाळी उन्हाआधी घरोघरी जातेय, सरपंचांच्या घरीही जाऊन आले. ते अजून नाही म्हणतात, पण पाण्याच्या अर्ध्या भागाला हो म्हणालेत.

शाळेत दोन माठ आणून ठेवले, पण माठानं पाणी गार होतं, खारं ते खारंच राहतं. गोडं करायचं यंत्र वित्त आयोगाच्या निधीतून बसवायचं बोलणं सुरू आहे. शेजारच्या एका गावातलं असं यंत्र आठ महिन्यांत बंद पडून धूळ खातंय, म्हणून भीती वाटते. खारपाणपट्ट्यातल्या कोणाच्या शाळेत ते नीट चालू असेल तर कृपया सांगा: फिल्टरची जाळी कोण बदलतं, विजेचं बिल कोण भरतं, आणि बाहेर पडणारं जास्त खारं पाणी तुम्ही कुठे सोडता?